घाटमाथ्यावरून लहान विमान नेण्याआधी: उजळाईवाडीतील दोन दिवसांच्या अभ्यासवर्गाविषयी

गेल्या एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या विमानतळाजवळ, उजळाईवाडी परिसरात लहान विमाने चालवणाऱ्यांसाठी डोंगराळ मुलखातील उड्डाणाचा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग झाला आणि त्याला मी हजर होतो. शुल्क १२,००० रुपये होते, जागा बाराच होत्या आणि प्रत्यक्ष उड्डाणाचा त्यात समावेश नव्हता. पहिला दिवस फळा, नकाशे आणि अपघातांचा अभ्यास यांत गेला. दुसरा दिवस सिम्युलेटरवर आणि मार्ग आखण्याच्या सरावात. वर्ग पैसे आणि वेळ खर्च करण्याजोगा होता का, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. परंतु तेथे नेमके काय शिकवले हे सांगितल्याशिवाय तो निवाडा करता येणार नाही.

मी का गेलो ते आधी सांगतो. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, वर्षाकाठी चाळीसेक तास उड्डाण होते आणि माझे सगळे शिक्षण सपाट मुलखात झालेले आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका दुपारी, भाड्याने घेतलेले एका इंजिनाचे चार आसनी विमान घेऊन मी कोल्हापूरहून कोकण किनाऱ्याकडे निघालो होतो. हवा स्वच्छ होती, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. दाजीपूरच्या जंगलाजवळ पोहोचता पोहोचता विमान उंची सोडू लागले. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी दांडी, पूर्ण पुढे होती, विमानाचे नाक चढाईच्या स्थितीत होते, आणि तरीही उंचीचा काटा मिनिटाला चारशे फुटांच्या वेगाने खाली चालला होता. समोरची धार काचेत वर वर येत गेली. मी वळलो, आणि वळायला जागा होती म्हणून वाचलो. ज्यांच्याकडून विमान घेतले होते त्यांनी इंधन, वजन आणि परतीची वेळ एवढेच विचारले होते; घाटावरच्या वाऱ्याविषयी ना त्यांनी काही सांगितले, ना मी विचारले. त्या दुपारी नेमके काय घडले याचे समाधानकारक उत्तर मला या वर्गातच मिळाले.

शिकवणारे कॅप्टन साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांची बरीच वर्षे हिमालयातील आखूड धावपट्ट्यांवर गेली आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत होतो, आणि ते मात्र त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या विद्यार्थ्यांनाही ‘अहो’ म्हणूनच बोलत होते. सुरुवातीला त्यांनी वाऱ्याचे सूत्र मांडले नाही. पावसाळ्याच्या आरंभी पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहू लागते तेव्हा काय दिसते, असे त्यांनी विचारले. वरच्या अंगाला पाणी संथ चढत येते, माथ्यावर त्याचा वेग वाढतो, आणि पलीकडे ते कोसळून भोवरे करीत खळाळते. सह्याद्री हा असाच एक बंधारा आहे आणि त्यावरून हवा वाहते, फरक इतकाच की हे भोवरे डोळ्यांना दिसत नाहीत. वारा पश्चिमेचा असेल तर चढती हवा कोकणाच्या बाजूला असते आणि कोसळती हवा आपल्या, म्हणजे देशाच्या, बाजूला. कोल्हापूरहून निघालेला वैमानिक अशा वेळी डोंगराला त्याच्या पाठीकडून भिडतो: समोरून वारा असल्यामुळे जमिनीच्या हिशेबाने तो हळू सरकत असतो, आणि बरोबर त्याच पट्ट्यात हवा त्याला खाली दाबत असते. फेब्रुवारीत सकाळी पूर्वेचा वारा असला तरी दुपारनंतर समुद्रावरून वारे सुटतात, आणि सकाळी जी बाजू निर्धोक होती तीच दुपारी घातक होते. माझ्या त्या दुपारचे कोडे इतके साधे होते, आणि ते सुटल्यावर मला दिलासा वाटण्याऐवजी अंगावर काटा आला.

खाली जाणाऱ्या हवेचे बळ किती असते याविषयी सरांनी कोणालाही संभ्रमात ठेवले नाही. आपल्याकडील प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे चार आसनी विमान समुद्रसपाटीला मिनिटाला सुमारे ७०० फूट चढते. डोंगराच्या पाठीमागे खाली येणारी हवा मिनिटाला हजार फुटांहून अधिक वेगाने उतरू शकते. उरलेले गणित शाळकरी मुलालाही येईल. स्टीव्ह फॉसेट हे फुग्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले गृहस्थ, आणि पुढे इंधन न भरता व कोठेही न थांबता एकट्याने विमानातूनही जगाला फेरी घालणारे. ३ सप्टेंबर २००७ रोजी ते नेवाडातून एका लहान विमानाने सहज फेरफटका मारायला निघाले आणि परतले नाहीत. त्यांच्या विमानाचे अवशेष वर्षभरानंतर सिएरा नेवाडा पर्वतात सुमारे १०,००० फुटांवर सापडले, आणि तपास यंत्रणेचा निष्कर्ष असा होता की विमानाच्या चढण्याच्या क्षमतेहून बलवान अशा खाली येणाऱ्या हवेत ते सापडले. सरांनी हे उदाहरण का निवडले असावे हे लगेच कळले, कारण अनुभव, धाडस आणि कौशल्य यांपैकी कशाचीही उणीव त्या माणसात नव्हती. मोठे विमानही यातून सुटत नाही: ५ मार्च १९६६ रोजी जपानच्या फुजी पर्वताच्या वाऱ्याआडच्या बाजूला एक बोइंग ७०७ हवेतच मोडले आणि त्यातील १२४ माणसे गेली. ज्या दिवशी माथ्याच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) पुढे असल्याचे हवामानाचे अंदाज सांगतात, त्या दिवशी लहान विमानाने डोंगराच्या वाटेला जाऊ नये, हा दंडक सरांनी आमच्याकडून वहीत लिहून घेतला.

दुपारी उष्णतेचा विषय निघाला, आणि एप्रिलच्या त्या खोलीत तो निराळा समजावून सांगण्याची फारशी गरज नव्हती. तापलेली हवा विरळ असते, आणि विरळ हवेत इंजिन, पंखा आणि पंख तिघेही कमी काम करतात. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर आहे. त्या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश सेल्सिअस धरले जाते. बाहेर ३९ अंश असतील तर फरक २८ अंशांचा, आणि प्रत्येक अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने विमानाला भासणारी उंची ५,३०० फुटांच्या वर जाते. म्हणजे धावपट्टीवर उभे असतानाच आपण घाटमाथ्याहून उंच ठिकाणी असल्यासारखे ते विमान वागते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते, हे धरले तर सहा-सात टक्क्यांची नव्हे, पंधरा टक्क्यांच्या आसपासची घट पदरी घेऊनच आपण निघतो. हा हिशेब मी परवान्याच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. कोल्हापूरचा आकडा घालून तो कधीच केला नव्हता, आणि याची मला खंत वाटते.

या वर्गातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वळण. खोऱ्यात शिरलेल्या वैमानिकाला परत फिरायला किती रुंदी लागते, या एका प्रश्नावर सरांनी जवळजवळ दोन तास घालवले. विमान ९० नॉट वेगात आणि ३० अंश कलवून वळवले तर पूर्ण उलटे फिरायला साधारण ७६० मीटर रुंदी लागते. वेग १२० नॉट असेल तर तीच रुंदी १,३५० मीटरच्या घरात जाते, कारण वेग दीडपटही नसला तरी लागणारी जागा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात उंचीची आणि उष्णतेची भर पडते: वेगदर्शक काट्यावर ९० नॉट दिसत असतात, पण विरळ हवेत विमानाचा खरा वेग त्याहून जास्त असतो, आणि ७६० मीटरचे ९०० कधी होतात ते आत बसलेल्याला समजत नाही. घाबरलेला माणूस मग विमान अधिक कलवतो. ४५ अंशांना जागा खरोखर कमी लागते, परंतु स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांना तो ४१ टक्क्यांनी वाढतो. खोऱ्याच्या टोकाशी, चढाईसाठी आधीच वेग गमावून बसलेले विमान त्या वळणात स्टॉल होते आणि फिरकी घेत खाली जाते. सरांच्या म्हणण्याप्रमाणे डोंगरात अपघात झालेले बरेचसे वैमानिक डोंगरावर आदळण्याआधी विमानावरचा ताबा गमावून बसलेले असतात, आणि तो ताबा जिथे सुटला ती जागा त्याआधी चार-पाच मिनिटे मागे, ‘अजून थोडे पुढे जाऊन बघू’ असे मनाशी म्हटले तिथे असते.

याला आपल्या भूगोलाची जोड त्यांनी दिली तेव्हा वर्ग खऱ्या अर्थाने आमचा झाला. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या घाटमाथ्याजवळ उगम पावून पूर्वेला कोल्हापूरकडे येतात. त्यामुळे इथून पश्चिमेला जाणारा वैमानिक नकळत नदीचे बोट धरून चालतो, आणि पुढे पुढे खोरे अरुंद होत जाते व त्याचा तळ वर चढत जातो. तळ इतका हळू चढतो की तो सपाटच आहे असे वाटत राहते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे खरे क्षितिज झाकले जाते आणि विमानाचे नाक नकळत वर जात वेग उतरू लागतो. यावर सरांचा उपाय असा की खोऱ्यात खालून वर शिरायचेच नाही. माथा ओलांडण्याची उंची, म्हणजे धारेच्या वर किमान हजार फूट आणि वारा असेल तर दोन हजार, ही शहराच्या आसपासच, मोकळ्या रानावर घिरट्या घेत मिळवायची आणि मगच पश्चिमेला तोंड करायचे. शिरावेच लागले तर खोऱ्याच्या मधोमध न उडता एका कडेला धरून राहायचे, म्हणजे वळायला सगळी रुंदी हाताशी राहते. धारेला काटकोनात न भिडता ४५ अंशांत तिरपे जायचे, म्हणजे हवा खाली दाबू लागताच थोड्याशा वळणात उतरत्या जमिनीकडे तोंड करता येते. गगनबावडा कोल्हापूरपासून रस्त्याने ५५ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात विमानाला जेमतेम वीस मिनिटे लागतात, आणि या सगळ्याचा विचार त्या वीस मिनिटांत करायला बसले तर उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी सिम्युलेटरवर माझी पाळी आली तेव्हा मला भोगावतीचे खोरे, ३८ अंश तापमान आणि पश्चिमेचा २० नॉट वारा दिला होता. मी सगळे ऐकलेले होते, वहीत लिहिलेले होते, आणि तरीही राधानगरीच्या पुढे जाऊन मी विमान पाडले. नाक वर ओढत गेलो, वेग ६० नॉटच्या खाली आला, उजवीकडे वळायला गेलो आणि पडदा लाल झाला. खोलीत कोणी हसले नाही. सर शांतपणे म्हणाले, “तुम्ही वळायचे ठरवले कुठे, ते नकाशावर दाखवा.” मला दाखवता आले नाही, कारण मी ते ठरवलेच नव्हते. दुसऱ्या खेपेला त्यांनी निघण्याआधी नकाशावर शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या राधानगरी धरणाच्या भिंतीजवळ लाल पेन्सिलीने रेघ मारायला लावली: या रेघेपाशी ठरलेली उंची नसेल तर कारण काहीही असो, मोठ्याने ‘परत फिरतो’ म्हणायचे आणि फिरायचे. मी तसे केले. वळण रुंद, निवांत, वेग न गमावता झाले, आणि कोल्हापूर समोर आले. शुल्काचे सगळे पैसे माझ्या मते त्या एका रेघेत वसूल झाले.

ढगांच्या प्रकरणात सरांनी २९ मे २०२२ चा नेपाळमधील अपघात उलगडून दाखवला. पोखराहून जोमसोमला निघालेले ट्विन ऑटर विमान मुस्तांग भागातील डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व २२ जण मरण पावले. त्यांत ठाण्याच्या एका कुटुंबातील चौघे होते. ही बातमी आपल्याकडे घराघरांत वाचली गेली होती, त्यामुळे बोलताना सरांचा आणि ऐकताना आमचाही आवाज खाली आला. जोमसोमला सकाळ सरली की कालीगंडकीच्या दरीत इतका जोराचा वारा सुटतो की विमाने पहाटे लवकर नेऊन आणावी लागतात; त्यातून उशीर झाला की हवा बरी होईल या आशेने निघण्याचा मोह होतो, आणि दरीतल्या ढगात शिरलेल्या वैमानिकाला डोंगर दिसतच नाही. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवरून उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांवर एक प्रयोग झाला होता: बाहेरचे काही दिसेनासे झाल्यावर त्यांचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. घाटात तेवढेही मिळत नाहीत. विमान कितीही मोठे, वैमानिक कितीही निष्णात असला तरी डोंगर हटत नाही, हे सह्याद्रीनेही पाहिले आहे. ७ जुलै १९६२ च्या पावसाळी रात्री मुंबईत उतरू पाहणारे एक परदेशी प्रवासी जेट जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण गेले होते.

आता उणिवा सांगतो, कारण त्या गंभीर आहेत. वळवाच्या पावसाला या वर्गात अर्धे पानही मिळाले नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूरवर दुपारनंतर जे ढग चढतात, त्यांच्या पुढे जो धुळीचा लोट आणि वाऱ्याचा झोत येतो, त्यात मिनिटा-दोन मिनिटांत वाऱ्याची दिशा उलटते. इथल्या लहान विमानाला वर्षभरात हिमालयातील वाऱ्यापेक्षा याच गोष्टीची गाठ जास्त वेळा पडणार आहे. तसेच पावसाळ्यातील दमट हवेत, बाहेर वीस अंश तापमान असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो आणि इंजिन हळूहळू दम सोडते, हा धोका घाटमाथ्यावर अगदी नेहमीचा असून त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला. बारा जणांत सिम्युलेटर एकच होता, प्रत्येकाला वीस मिनिटे मिळाली, आणि त्यातील सह्याद्री इतका गुळगुळीत काढलेला होता की कोकणकड्याची भिंत एखाद्या टेकडीच्या उतारासारखी दिसत होती. जो वैमानिक केवळ त्या पडद्यावर विसंबून निघेल त्याची मोठी फसगत होईल. इंजिन बंद पडल्यास कुठे उतरावे, या भागात उभ्या उसाऐवजी तोडणी झालेले शेत शोधणे वगैरे स्थानिक बाबी प्रश्नोत्तरांत निघाल्या, त्या मूळ अभ्यासक्रमातच हव्या होत्या.

सर्वांत जास्त मला खटकले ते शेवटी दिलेले प्रमाणपत्र. त्यावरील मजकूर वाचून कोणालाही वाटेल की हा माणूस डोंगरात उडायला लायक ठरला आहे. एकाही माणसाने या दोन दिवसांत खऱ्या विमानाने खरी धार ओलांडलेली नाही, आणि अनुभवी शिक्षकासोबत ती अनेकदा ओलांडल्याशिवाय एकट्याने जाऊ नये असे सरांनी स्वतः तीन वेळा सांगितले होते. मग कागदावर तसे लिहायला हवे. वर्गातील दोघे विद्यार्थी अवघे विशीतले होते. त्यांच्या हातात तो कागद पाहून मला काळजी वाटली, आणि संस्थेला मी तसे लेखी कळवलेही आहे. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून निघालेले सरावाचे विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात कोसळून दोघांचा जीव गेला होता, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते.

एक गोष्ट मात्र मी अपेक्षिली नव्हती आणि ती फार चांगली होती. बारांपैकी तिघे वैमानिक नव्हते. कामासाठी लहान विमान भाड्याने घेणारे ते उद्योजक होते. सरांनी त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवला आणि मागच्या आसनावर बसलेला माणूस अपघाताला कसा हातभार लावतो ते समजावले. ‘साहेबांची अकराची बैठक आहे’ हे वाक्य वैमानिकाच्या कानांत इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने वाजत असते. ज्या दिवशी वैमानिक ‘आज नको’ म्हणतो त्या दिवसाचे भाडेही त्याला द्यावे, त्याला कारण विचारू नये आणि पुढच्या वेळी त्यालाच बोलवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या तिघांपैकी एकाने तासानंतर लगेच आपल्या वैमानिकाला फोन लावला आणि शनिवारची फेरी रद्द करण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवला, हे मी शेजारी उभा राहून ऐकले.

आपत्कालीन संदेशयंत्राचा, म्हणजे अपघातानंतर मदतीची हाक देणाऱ्या विमानातील यंत्राचा, भाग लहान होता, तरी उपयोगी. १२१.५ मेगाहर्ट्झवरचे संदेश उपग्रहांनी ऐकणे २००९ च्या फेब्रुवारीपासून बंद झालेले आहे, आणि ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र असेल तरच त्याची हाक उपग्रहांमार्फत बेंगळुरूच्या शोध-बचाव संदेश केंद्रापर्यंत पोहोचते. भाड्याच्या विमानात कोणते यंत्र आहे, ते नोंदवलेले आहे का, त्याची बॅटरी कोणत्या सालची आहे, हे विचारायचे असते हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

जेवणखाण, बसण्याची सोय यांविषयी तक्रार नाही. टिपणे सगळी इंग्रजीत होती. ती मराठीत असती तर त्या उद्योजकांना आणि खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यांना अधिक लागू पडली असती. ज्यांच्याकडे परवाना आहे आणि जे कधीतरी घाट ओलांडून कोकणात उतरणार आहेत, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. ज्यांना प्रत्यक्ष डोंगरात उडण्याचा सराव हवा आहे त्यांनी तो यातून मिळेल असे समजू नये. पुढची तुकडी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस घेणार असल्याचे आणि सिम्युलेटरचे तास वाढवणार असल्याचे संस्थेने कळवले आहे. वळवाविषयीच्या माझ्या सूचनेला अद्याप उत्तर आलेले नाही. वर्गानंतरच्या रविवारी मी नकाशा घेऊन गाडीने गगनबावड्याला गेलो, करूळ घाटाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि कुंभीच्या खोऱ्यावरची माझी लाल रेघ आणखी आठ किलोमीटर पूर्वेला सरकवली.